अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्थानी कंठसंगीतातील किराणा घराण्याचे प्रमुख प्रवर्तक होते. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. आयुष्याचा उत्तरार्ध मात्र मिरजेत गेला. तान व लय यांच्या चमत्कृतीपेक्षा एकेका स्वराच्या शुद्धतेला आणि त्याच्या नादगुणाला त्यांनी अधिक महत्त्व दिले. ध्वनीची पारख कानाने करावी की मापाने, हा प्रश्न त्यांच्या हयातीत त्यांच्याच गळ्यापाशी येऊन ठेपला होता.

पूर्वजीवन

वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घराण्यात सारंगीची परंपरा असल्याने त्यांचा कान लहानपणापासून तंतुवाद्यांवर तयार झाला. गाण्याबरोबर त्यांना वाद्ये वाजवता येत, तशीच ती दुरुस्तही करता येत. तरुणपणी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात होते. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे प्रेम जुळले व दोघांनी बडोदे सोडले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये पुढे गायक म्हणून नावारूपास आली. ताराबाई कालांतराने मुलांसह विभक्त झाल्या. सुरेशबाबूंनी आईचे आडनाव लावले. खाँसाहेबांच्या उत्तरकालीन गाण्यातील करुण छटेचा संबंध अनेक जण या वियोगाशी जोडतात. त्यात तथ्य असेलही. पण संथ आलापीकडे असलेला त्यांचा ओढा त्याहून जुना आहे.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. विद्यार्थी त्यांच्याजवळ राहून शिकत. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम व बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांच्या शिष्यांपैकी होत. कपिलेश्वरींनी गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले.

श्रुतींचे मापन

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर भारतीय संगीतातील बावीस श्रुतींचा अभ्यास करीत होते. गायक प्रत्यक्ष कोणता स्वर लावतो, हे तारेच्या लांबीवरून मोजण्यासाठी त्यांना अचूक गळा हवा होता. तो त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने मिळाला. देवलांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. पुढे ई. क्लेमंट्स हे इंग्रज सनदी अधिकारीही या कामात सामील झाले आणि श्रुतींप्रमाणे स्वर देणारी हार्मोनियम तयार करण्यात आली.

या खटाटोपामागचे कारण साधे आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी पूर्ण जुळणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो. नेहमीच्या हार्मोनियमचा गांधार सुमारे ३०२ कंपनांचा असतो. दोन कंपनांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. तंबोऱ्याबरोबर मात्र तो कानाला टोचतो.

१९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय वादाचा ठरला. श्रुती अशा गणिताने कायम करता येतात, हे विष्णु नारायण भातखंडे यांना मान्य नव्हते. आज त्या वादाकडे पाहता भातखंडे यांचा आक्षेप रास्त वाटतो, कारण रागागणिक आणि गायकागणिक स्वराची जागा किंचित हलते. तरीही देवलांच्या मापनाने एक गोष्ट पुढे आणली: खाँसाहेबांच्या सुरेलपणाची कीर्ती ही केवळ भक्तांची अतिशयोक्ती नव्हती.

मिरज आणि तंबोरा

१९२० च्या सुमारास ते मिरजेत स्थायिक झाले. कोल्हापूर संस्थानच्या सीमेलगतचे, जयसिंगपूरपासून अगदी जवळचे हे गाव सतार व तंबोरे घडविण्यासाठी तेव्हाही प्रसिद्ध होते. तंबोऱ्याचा भोपळा आणि लाकूड कितीही उत्तम असले तरी त्याचा आवाज ठरतो तो घोडीच्या वक्र पृष्ठभागावर आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यावर. यालाच जवारी म्हणतात. जवारी फार उघडली तर आवाज कर्कश होतो. फार बंद केली तर तो बोथट व मुका होतो. दोहोंच्या मधली जागा सापडली की षड्जाच्या तारेतून पंचमाबरोबरच कोणी न छेडलेला गांधारही आपोआप ऐकू येतो.

या नादाचे भौतिक कारण चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास अभ्यासले. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे निस्पंद असलेले उपस्वर सर्वसाधारण नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात ते उमटतात, कारण कंप पावणारी तार वक्र घोडीला सतत स्पर्श करीत राहते. खाँसाहेब तंबोरे जुळविण्यास पुष्कळ वेळ देत. काही रागांसाठी पंचमाऐवजी निषादात तार जुळविण्याची पद्धत किराणा घराण्यात रूढ आहे. ज्या सुराला आधार हवा तो तंबोऱ्यातूनच मिळावा, हा तिचा हेतू.

ध्वनिमुद्रिका

त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे दोन कालखंड आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन केलेली आहेत. त्यांत खर्जातले आणि अतितारातले बरेचसे ध्वनी उतरलेच नाहीत. १९३४ नंतरची ओडियन कंपनीची मुद्रणे मायक्रोफोनवरील असून झिंझोटी, जोगिया व भैरवीतील प्रसिद्ध मुद्रिका याच काळातल्या आहेत. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. तासभर एक राग उलगडणाऱ्या गायकाला ही मर्यादा जाचक असणार, पण या मुद्रिकांत घाई कुठेच जाणवत नाही.

त्यांचा मूळ आवाज बारीक, टोकदार व उंच पट्टीचा होता. आधुनिक, महागड्या ध्वनिक्षेपकांवर या मुद्रिका ऐकताना हे ध्यानात ठेवावे लागते. खर्ज वाढविला की आवाज भरदार व सुखद वाटतो, पण तो खाँसाहेबांचा राहत नाही. खरखर घालविण्यासाठी वरचे ध्वनी कापले, तर व्यंजनांची धार आणि तंबोऱ्याची झणकार दोन्ही त्याबरोबर जातात. तबकडीचा वेग शेकडा सहाने चुकला, तर सगळी पट्टीच जवळजवळ एका अर्धस्वराने सरकते. त्यामुळे या मुद्रिका वाजविताना ध्वनिक्षेपकाचा दोष कोणता आणि गळ्याचा धर्म कोणता, हे ओळखण्यासाठी ऐकणाऱ्याला आधी त्या गळ्याची जात ठाऊक असावी लागते.

दक्षिणेतील दौरे व मृत्यू

म्हैसूर दरबाराशी त्यांचा निकटचा संबंध होता. कर्नाटक संगीताचा त्यांच्यावर प्रभाव पडला. सरगम गाण्याची त्यांची पद्धत त्यातूनच आली असे मानतात. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. १९३७ साली मद्रासकडील दौऱ्यात, पाँडिचेरीला जात असता वाटेत प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. पार्थिव मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. या दर्ग्याच्या उरुसात ते स्वतः गात असत. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीतसभा भरते आणि सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर या भागांतील रसिक तिला जमतात.