जप्त माल पोलिस ठाण्यातून गायब झाला तर भरपाई कोण देणार? न्या. गजेंद्रगडकरांचा 'तो' निकाल काय सांगतो?

शिरूर किंवा दौंडमध्ये पोलिसांनी जप्त केलेला ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारातूनच चोरीला गेला, तर मालकाने भरपाई कोणाकडे मागायची? अशाच प्रश्नावरचा देशातला सर्वांत चर्चित निकाल एका मराठी सरन्यायाधीशांनी दिला होता. त्यांचे नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

साताऱ्यातून सर्वोच्च न्यायालयात

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात झाला. घराणे संस्कृत पंडितांचे. धारवाड आणि पुण्यात शिक्षण झाल्यावर १९२६ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये सरन्यायाधीश झाले. कामगार कायद्यावरील निकालांमुळे त्यांची ओळख सामाजिक न्यायाच्या बाजूचे न्यायाधीश अशी होती.

१०३ तोळे सोने गेले कुठे?

सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार मेरठला आला. पोलिसांनी संशयावरून त्याला पकडले आणि जवळचे सोने-चांदी जप्त केले. चांदी परत मिळाली, पण १०३ तोळ्यांहून अधिक सोने मालखान्यातल्या हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. १९६४ मध्ये गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, तरीही पेढी हरली. अटक आणि जप्ती ही सरकारची सार्वभौम कामे असल्याने त्यात झालेल्या चुकीसाठी सरकारवर दावा चालत नाही, हा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचा नियम राज्यघटनेच्या कलम ३०० मधून तसाच पुढे आला होता. गजेंद्रगडकरांना ही स्थिती पटत नव्हती. निकालातच त्यांनी संसदेने कायदा करावा, असे सुचवले.

अमेरिकेत काय झाले?

जुलै १९४५ मध्ये लष्कराचे विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळून १४ जणांचा मृत्यू झाला. १९४६ मध्ये तिथे कायदा झाला आणि कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणासाठी, काही अपवाद वगळता, थेट सरकारवर दावा लावता येऊ लागला.

भारतात आज काय?

आपल्याकडे १९६७ मध्ये विधेयक लोकसभेत आले, पण कायदा झाला नाही. गजेंद्रगडकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९७१ ते १९७७ या काळात विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना हवा असलेला सर्वसमावेशक कायदा आजही नाही.

वाट मात्र न्यायालयांनी काढली. पोलिस ठाण्यातून हरवलेल्या दागिन्यांची किंमत मालकाला द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. जप्त केलेला खत-धान्याचा साठा अधिकाऱ्यांच्या हलगर्जीमुळे खराब झाला, तेव्हा १९९४ मध्ये सरकारलाच जबाबदार धरले. १९६४ चा निकाल औपचारिकपणे रद्द झालेला नाही, पण त्याची धार बोथट झाली आहे.

त्यामुळे ट्रॅक्टरमालकाला आज दाद मागता येते. मात्र त्याआधीच न्यायालयात अर्ज करून वाहन सुपूर्दनाम्यावर सोडवून घेणे शहाणपणाचे.