मोल्सवर्थचा शब्दांचा रांजण

‘वॉश’ या साध्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणाल? धुणे, असं उत्तर पटकन येईल. पण आपण कपडे धुतो, भांडी घासतो, घासलेली भांडी विसळतो, साबण लावलेले कपडे खळबळतो आणि दिवाळीच्या पहाटे न्हातो. ‘कट’चंही तसंच. भाजी चिरायची, केस कापायचे, सुपारी कातरायची, लाकूड फोडायचं. कुणी ‘भाजी तोड’ म्हटलं, तर विळी घेऊन बसायचं नसतं, मळ्यात जायचं असतं! आणि ‘स्पून’ म्हणजे तर अख्खी फौजच आहे: चमचा, पळी, डाव, ओगराळं, कालथा, झारा, भातवाढी. सबमिशनच्या आदल्या रात्री मेसमध्ये जे काही हाताला लागेल त्याने आपण आमटी वाढून घेतो ही गोष्ट वेगळी.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे घरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं आधी आली आणि मराठी नावं नंतर, तीही सुट्टीत वैशाखऱ्याला आजीकडे गेल्यावर. वैशाखरे म्हणजे आमचं गाव. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाताना लागतं. नाणेघाटाच्या ट्रेकला गेलेल्यांना माहीत असेलच. आजीच्या घरात उतरंड होती, शिंकं होतं, डोक्यावर हंडा घ्यायच्या आधी ठेवायची चुंबळ होती, चुलीला वैल होता. (मुख्य चुलीचा जाळ शेजारच्या ज्या तोंडाकडे वळवतात तो वैल. एका इंधनात दोन भांडी! थर्मलच्या सरांना आवडेल.) या सगळ्याला इंग्रजीत काय म्हणायचं हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ते ज्याने सांगितलं, तो एक इंग्रज लष्करी अधिकारी निघाला आणि त्याला जाऊन दीडशे वर्षं उलटून गेली आहेत.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ 1795 साली जन्मला. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण दहावीचे मार्क मोजत असतो त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात आला. इथल्या भाषा शिकणं हा अशा तरुण अधिकाऱ्यांच्या नोकरीचाच भाग होता. बाकीचे परीक्षेपुरतं शिकून मोकळे व्हायचे (ओळखीचं वाटतंय ना?). मोल्सवर्थ मात्र मराठीत अडकला तो अडकलाच.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. आता कचेरी चालवायची तर मराठी यायलाच हवी होती. पण साधनं काय होती? विल्यम केरीने सेरामपूरहून 1810 मध्ये एक मराठी-इंग्रजी कोश काढला होता, त्यातले मराठी शब्द मोडीत छापले होते. 1824 मध्ये मुंबईत व्हॅन्स केनेडीचा कोश आला. दोन्ही लहान. मोल्सवर्थ स्वतःच शब्द जमवायला लागला. मोठा कोश करायची त्याची कल्पना सरकारने आधी मनावर घेतली नाही. शेवटी परवानगी मिळाली आणि मुंबईत काम सुरू झालं. सोबतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ होते, तेही कंपनीच्याच सैन्यातले, आणि शास्त्रीमंडळी होती.

या शास्त्र्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मुखपृष्ठावर त्यांची नावं नाहीत. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत तात्या गोडबोले अशा पंडितांनी 1829 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा मराठी-मराठी कोशही तयार केला होता. शब्द कानाने टिपायचा, त्याचा अर्थ चारचौघांत पारखायचा, हे काम त्यांच्याशिवाय कुठल्याही साहेबाच्या हातून झालं नसतं. आपण प्रोजेक्ट रिपोर्टवर ग्रुपमधल्या चौघांची नावं टाकतो, त्यातल्या एकाने फक्त स्पायरल बाइंडिंग केलेलं असलं तरी. त्या हिशोबाने शास्त्र्यांवर अन्याय झाला असं माझं मत आहे.

1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून आला. मोल्सवर्थ तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. या कोशाचं मोठेपण नुसत्या आकारात नाही. बहुतेक कोशकारांना भाषा नटूनथटून दाखवायची असते. मोल्सवर्थने ग्रंथातले संस्कृत शब्द घेतलेच, पण बाजारातले, शेतातले, स्वयंपाकघरातले, इतकंच काय शिवराळ शब्दही घेतले. लोक बोलतात ना, मग तो शब्द कोशात येणार, असा त्याचा हिशोब. कोकणातल्या शब्दांना वेगळी खूण केली. घाटावरचा माणूस एक म्हणतो आणि कोकणातला दुसरं, हे त्याने दडपलं नाही. आमचं गाव नेमकं कोकण आणि देश यांच्या सांध्यावर असल्यामुळे मला याचं फार कौतुक वाटतं. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असं आमच्याकडे सांगतात. मालाबरोबर शब्दही चढले-उतरले असणारच, त्यांच्यावर मात्र जकात नव्हती.

आता खरी गंमत बघा. मराठी-इंग्रजी कोशात ‘इरलं’ आलं की इंग्रजीत त्याला शब्दच नाही. छत्री नाही, रेनकोट नाही. बांबूच्या सांगाड्यावर पानं रचून केलेलं, डोकं आणि पाठ झाकणारं, लावणी करताना दोन्ही हात मोकळे ठेवणारं ते इरलं. तिथे कोशकाराला अख्खं वर्णनच लिहावं लागतं, आणि मोल्सवर्थ ते न कंटाळता लिहितो. वस्तू कशाची, कशासाठी, कुठे टांगतात, कुणाच्या डोक्यावर असते, सगळं. आपल्या जर्नलमधल्या ‘कन्स्ट्रक्शन अँड वर्किंग’सारखं. आजीचं शिंकं मला माहीत होतं. पण त्याच्या दोऱ्या, त्यातलं भांडं आणि वरून टांगायची रीत हे शब्दांत मांडायला किती कठीण आहे, ते कोश वाचल्यावर कळलं.

उलट दिशा त्याहून अवघड. 1831 नंतर मोल्सवर्थने इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. तिथे ‘वॉश’ समोर काय लिहायचं, हा आपला वरचा प्रश्न उभा राहतो. एका शब्दासमोर एक शब्द हे गणित जुळतच नाही. कपड्यांसाठी कुठला, भांड्यांसाठी कुठला, हे सांगितलं नाही तर नवा कलेक्टर ‘भांडी न्हाली का’ असं विचारायचा! बरं, कित्येक वस्तूंना आपल्याकडे परके शब्द आधीच घरचे होऊन बसले होते. बटाटा, पाव, चावी, बादली, घमेलं हे सगळे पोर्तुगिजांकडून आलेले. साइटवर सिव्हिलवाले ज्यात काँक्रीट वाहतात ते घमेलं पोर्तुगीज आहे, हे त्यांना सांगून बघा. असे शब्द ‘शुद्ध नाहीत’ म्हणून काढून टाकले असते तर कोश सोवळा झाला असता, पण बाजारात उपयोगी पडला नसता.

हे काम चालू असतानाच मोल्सवर्थची तब्येत ढासळली. 1836 मध्ये त्याला इंग्लंडला परत जावं लागलं. इंग्रजी-मराठी कोश अर्धा पडला. तो थॉमस कँडीने पुढे नेला आणि 1847 मध्ये पूर्ण केला. मुखपृष्ठावर सुरुवात मोल्सवर्थची, पूर्तता कँडीची, असं स्पष्ट छापलं आहे. हाच तो मेजर कँडी. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्यावर स्वतंत्र लेख होईल, इथे जागा नाही.

मोल्सवर्थची गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण पहिल्या कोशातल्या उणिवा त्याला दिसत होत्या. 1851 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तो दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा हिंदुस्थानात आला. ज्या हवेने तब्येत घालवली त्याच हवेत, आणि तेही सुएझचा कालवा अजून खोदायचा असताना. आल्यावर सहा वर्षं काम. प्रत्येक शब्द परत तपासायचा, लिंग, अर्थ, व्युत्पत्ती पुन्हा पाहायची, नवे शब्द घालायचे. कॉम्प्युटर नाही, सॉर्टिंग नाही, कंट्रोल-एफ नाही. 1857 मध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, मुंबईत दुसरी आवृत्ती बाहेर पडली. सुमारे साठ हजार शब्द. 1860 मध्ये तो कायमचा मायदेशी गेला आणि 1871 मध्ये तिथेच वारला.

हा कोश परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. शब्द सांगणारे शास्त्री ब्राह्मण होते. त्यामुळे आमच्या मुरबाड-शहापूरकडच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतले शब्द त्यांच्या कानांवर कमीच पडले असणार. रानभाज्यांची नावं, मासे धरायच्या साधनांची नावं, बांबूच्या टोपल्यांचे प्रकार. ती अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. आजीकडे आता गॅस आहे, म्हणजे वैल संपला, आणि फ्रीज आला तेव्हा शिंकंही उतरलं. त्या दोन शब्दांना कोशात तरी जागा मिळाली. बाकीच्यांना ती मिळवून द्यायची तर मोबाइलच्या रेकॉर्डरवरही सुरुवात होऊ शकते. मी गेल्या मे महिन्यापासून आजीचे शब्द वहीत उतरवतेय. आजीला वाटतं मी परीक्षेचा अभ्यास करतेय.

कोश बघायचा असेल तर 1857च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने 1975 मध्ये काढलं होतं, जुन्या लायब्ररीत विचारा. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवरही ठेवला आहे. एक टीप: त्यात स्पेलिंग जुनं आहे. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकलेले अनुस्वार तिथे अजून शाबूत आहेत. त्यामुळे नुसतं ‘जाते’ टाकून आजीचं दळायचं जातं सापडलं नाही, तर ‘जातें’ टाकून बघा.