डॉ. सलीम अली : एका चिमणीच्या प्रश्नातून घडलेला पक्षितज्ज्ञ

साल १९३१. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने हैदराबाद संस्थानात होता आणि गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते. या संस्थानात कोणकोणते पक्षी आहेत, ते कुठे राहतात, केव्हा घरटी करतात, याची शिस्तशीर पाहणी त्या वर्षी सुरू झाली. पाहणी करणारा माणूस मुंबईचा, वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने अगदी किरकोळ. तंबू, प्रवास आणि सोबतच्या माणसांचा खर्च मिळावा, आपल्या मेहनतीचा पगार नको, अशी त्याची तयारी होती. गंमत म्हणजे त्या वेळी त्याच्याकडे दुसरी नोकरीही नव्हती.

हा माणूस म्हणजे डॉ. सलीम अली. आज सारं जग त्यांना भारताचे पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखतं.

त्यांची जयंती १२ नोव्हेंबरला असते. शाळाशाळांत भाषणं होतात आणि त्यात एक वाक्य हमखास येतं की त्यांच्याकडे डिग्री नव्हती. मी शिक्षक आहे. दहावीनंतर शाळा सोडायला निघालेली मुलं हेच वाक्य मला ऐकवतात, कधी कधी त्यांचे वालिदही ऐकवतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कळायचं असेल तर त्यांची पूर्ण जिंदगी बघावी लागते.

यतीम मुलगा आणि मामूंचं घर

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन गेले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसा गेल्या. आई-बापाचा चेहरासुद्धा नीट आठवू नये, असं ते वय.

मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी ही पोरकी भावंडं खेतवाडीच्या आपल्या घरात वाढवली. तय्यबजी घराणं तेव्हाच्या मुंबईत शिक्षणात आणि सार्वजनिक कामात पुढे होतं. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

मामूंना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला छर्‍याची बंदूक दिली आणि सलीम घराभोवतीच्या चिमण्या टिपू लागला. एके दिवशी पडलेली चिमणी मात्र वेगळी निघाली. तिच्या गळ्यावर हळदीचा डाग पडावा तसा पिवळा ठिपका होता. ही कसली चिमणी, ही खायला चालते का, अशी शंका त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला आली आणि तो पक्षी घेऊन मामूंकडे गेला.

मामूंना उत्तर माहीत नव्हतं. अशा वेळी घरातला मोठा माणूस सहसा काय करतो? फेकून दे म्हणतो, नाहीतर अभ्यास कर म्हणतो. मामूंनी तसं केलं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. तिथले सचिव मिलार्ड यांच्या नावाने त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि पोराला तिकडे पाठवलं.

एक दार उघडलं

सोसायटी १८८३ साली स्थापन झालेली होती आणि तिचा कारभार बहुतेक इंग्रजांच्या हाती होता. साहेबाच्या कचेरीत एकट्याने जायचं म्हणून पोराच्या मनात धाकधूक होती. पण मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही. ही पिवळ्या गळ्याची चिमणी आहे, असं त्यांनी सांगितलं. मग पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याचं कातडं सोलून टिकवायचं आणि त्यावर नोंद लिहायची कशी, हे शिकायची सोय करून दिली. ही भेट झाली नसती तर हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. पुढे त्यांनी आपल्या आत्मकथेचं नावही याच चिमणीवरून ठेवलं. ते पुस्तक १९८५ साली आलं.

शाळेत मात्र सलीम काही चमकला नाही. डोकेदुखीच्या त्रासामुळे मध्येच शाळा सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावं लागलं. १९१३ साली मॅट्रिक कसंबसं निघालं. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्याच वर्षी गणिताने घाम फोडला आणि शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात तव्हॉयला गेला. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा आजूबाजूच्या जंगलातच त्याचं मन रमलं.

१९१७ मध्ये परत आल्यावर त्याने दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला सुरुवात केली. इथे त्याला दुसरा मोठा माणूस भेटला, सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर. या पोराचा जीव हिशेबात नाही, प्राण्या-पक्ष्यांत आहे, हे त्यांनी ओळखलं आणि प्राणिशास्त्र शिकायचा आग्रह धरला. मग सलीमचा दिवस असा झाला : सकाळी दावरमध्ये हिशेबाचे वर्ग, त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. तो अभ्यासक्रम त्याने पुरा केला. विद्यापीठाची पदवी मात्र हाती आली नाही.

पदवी नसल्याची किंमत

ही किंमत त्यांना मोजावी लागली, हे मुलांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती. ती त्यांना मिळाली नाही, कारण रीतसर पदवी नव्हती. देशात त्या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता, तरी कागद नव्हता म्हणून दार बंद झालं.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून त्यांना नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. माणूस तिथेच थांबला असता तर जिंदगी आरामात गेली असती. पण दोनच वर्षांत त्यांना जाणवलं की आपलं शिक्षण अपुरं आहे. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, नोकरीवाला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला.

१९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. परदेशात शिकून आलेला माणूस बेरोजगार झाला.

किहीमचे खोपे

मग ते पत्नी तहमीना बेगम यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. लग्न डिसेंबर १९१८ मध्ये झालेलं. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी नोकरी गेलेल्या नवर्‍याला टोचून बोलून परत हिशेबाच्या धंद्याला लावलं नाही. पुढच्या पाहण्यांमध्ये तंबूत राहायलाही त्या सोबत राहिल्या. सलीम अलींचं नाव घेताना तहमीना बेगमचं नाव घ्यायला आपण विसरतो, ते बरं नाही.

किहीममध्ये त्यांच्या नजरेसमोर सुगरणींची वसाहत होती. आपल्याकडे विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारे खोपे कुणी पाहिले नाहीत? पण त्यात नक्की काय चालतं, हे तासन्‌तास बसून पाहणारे कमीच. सलीम अलींनी ते पाहिलं आणि लिहून ठेवलं. खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की मादी येते, आत-बाहेर फिरून तो तपासते. पसंत पडला तर तिथे राहते, नाही पडला तर निघून जाते. घर पसंत झालं की नर खोप्याची नळी पुरी करतो, मादी अंड्यांवर बसते आणि नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसर्‍या मादीसाठी. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि कारागिरीचं श्रेय बाईला देतो, पण इथे खरा कारागीर बाप्या निघाला! सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं आणि त्यांचं नाव अभ्यासकांत पोचलं. नोकरी गेली नसती तर कदाचित हे काम झालंही नसतं.

संस्थानांची पाहणी

यानंतर ती हैदराबादची पाहणी झाली. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांमध्येही त्यांनी काम केलं. बैलगाडी, पायपीट, तंबू, आणि रोज संध्याकाळी दिवसभराची टिपणं. त्याआधीचे बरेच अभ्यासक मेलेल्या पक्ष्यांची कातडी मोजण्यात गुंतलेले असत. सलीम अलींना जिवंत पक्षी काय खातो, कुठे बसतो, कशी पिल्लं वाढवतो, यात रस होता. त्यांनी अभ्यासासाठी पक्षी मारलेही, ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण हिंदुस्थानातल्या पक्षिशास्त्राला कपाटातून रानात नेण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगमचा इंतकाल झाला. मूलबाळ नव्हतं. सलीम अली आतून कोसळले. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना मुंबईत आपल्या घरी आधार दिला. लहानपणी मामूंचं घर होतं, आता बहिणीचं. त्या घरातून त्यांनी पुन्हा काम सुरू केलं.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. रंगीत चित्रं आणि सोपी भाषा, त्यामुळे शास्त्रज्ञ नसलेला माणूसही अंगणातला पक्षी ओळखू लागला. पंडित नेहरूंनी हे पुस्तक तुरुंगातून आपल्या मुलीला, इंदिराजींना पाठवलं होतं. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा ती टिकवण्यासाठी सलीम अलींनी नेहरूंकडे मदत मागितली आणि ती मिळाली.

सगळ्यांत मोठं काम तर साठी उलटून गेल्यावर झालं. अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. काम १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९७४ मध्ये पुरं झालं. शेवटचा खंड झाला तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. माणूस रुक्ष मुळीच नव्हता. मोटारसायकलचा त्यांना भारी शौक. १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षी परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम गाडी जहाजावर चढवून नेली आणि युरोपात तिच्यावर फिरले.

माळढोकची वकिली

देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी माळढोकचं नाव पुढे केलं. १९६३ मध्ये मोराची निवड झाली. मोर सुंदर आहे आणि त्याला कुणी विसरणार नाही. पण माळढोकला मान मिळाला तर त्याचं माळरान वाचेल, हा सलीम अलींचा विचार होता. आपल्या धाराशिवकरांना हे चटकन समजावं, कारण असं माळरान आपल्या पायाखालीच आहे आणि माळढोकसाठी प्रसिद्ध असलेलं नान्नज आपल्या सीमेला लागूनच. ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो ती कुणाचं तरी घर असते. देशात आज माळढोक फारच थोडे उरलेत.

भरतपूरचं केवलादेव आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठीही त्यांनी आपलं वजन खर्च केलं. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. वन्यजीव संरक्षणाचा पन्नास हजार डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला, त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी संवर्धनाच्या कामाला देऊन टाकली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने आणि दिल्ली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. नावापुढचं डॉक्टर ते असं आलं. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदीत, त्यांचं निधन झालं. आज कोइमतूरला त्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, गोव्यात अभयारण्य आहे आणि आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर शहरातल्या तलावालाही त्यांचंच नाव आहे.

उरलेलं अर्धं वाक्य

तर डिग्री नव्हती, हे खरं. पण दावरमध्ये शिकले, झेवियर्समध्ये शिकले, मिलार्डसाहेबांकडे शिकले, तिशीनंतर बर्लिनला जाऊन शिकले आणि सत्तरीनंतरही शिकतच होते. शाळा सोडायला निघालेल्या पोराने त्यांचं नाव घ्यायचं असेल तर हा सगळा हिशेब पुरा मांडावा. आणि आज कागदाशिवाय नोकरीचं दार तेव्हापेक्षाही घट्ट बंद असतं, हेही लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट आपल्या मोठ्यांसाठी. या यतीम पोराला एक मामू भेटला, ज्याला उत्तर येत नव्हतं, पण उत्तर कुठे मिळेल ते माहीत होतं. एक ख्रिस्ती फादर भेटला, एक इंग्रज साहेब भेटला, एक जर्मन उस्ताद भेटला. कुणी त्याची जात-मजहब विचारली नाही आणि त्यानेही शिकताना कुणाची विचारली नाही. इल्म जिथे मिळेल तिथून घ्यायचं, हे आपण जलशांमध्ये ऐकतो. सलीम अलींनी ते करून दाखवलं.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जयंतीपासून सलीम अलींच्या जयंतीपर्यंत. या आठवड्यात पोरांना एखाद्या सकाळी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात घेऊन जा. तेवढं जमत नसेल तर गावच्या तळ्यावर चला. एक वही आणि पेन्सिल पुरे. तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करत होता, एवढं लिहू द्या. पोरगं विचारेल हा कोणता पक्षी, आणि तुम्हाला कदाचित सांगता येणार नाही. हरकत नाही. अमीरुद्दीन मामूंनाही सांगता आलं नव्हतं. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे पोराला घेऊन जा.