गर्भधारणेविषयीचे भय आणि रघुनाथराव कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात दगावल्या. त्या काळात असे मृत्यू घरोघर होत आणि दैवाचा कोप म्हणून सोसलेही जात. पुढे संततिनियमनाच्या प्रचाराला आयुष्य वाहणाऱ्या या मुलाच्या मनावर त्या घटनेचा किती परिणाम झाला असेल, हे सांगणे कठीण आहे. मात्र गर्भ राहणे म्हणजे स्त्रीच्या जिवावरची जोखीम, हे त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी घरातच पाहिले होते.

कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे झाला. वडील धोंडो केशव पुढे महर्षी म्हणून ओळखले गेले. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. लोकनिंदेला न भिण्याचे शिक्षण रघुनाथरावांना असे लहानपणीच मिळाले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये गणिताचे उच्च शिक्षण घेतले आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले.

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील हे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असेच केंद्र उघडले होते. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती मिशनच्या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही. प्रचार सोडावा की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कर्वे यांनी नोकरी सोडली. त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी स्वतःला अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता आणि तो अखेरपर्यंत पाळला.

त्या वेळी खुद्द वैद्यकशास्त्राचेच ज्ञान किती अपुरे होते, हे आज सहसा लक्षात येत नाही. शुक्रजंतू व स्त्रीबीज यांच्या मीलनातून गर्भ होतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. पण स्त्रीबीज महिन्यातून नेमके केव्हा बाहेर पडते, याचा उलगडा झाला नव्हता. दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक असतात, असे अनेक डॉक्टर सांगत. वस्तुतः बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तेच दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. म्हणजे सल्ला मानणारी स्त्रीच अधिक फसत असे. जपानमधील डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले की, स्त्रीबीज पुढील पाळीच्या साधारणतः दोन आठवडे आधी बाहेर पडते. योगायोग असा की, ओगिनो यांचा जन्मही १८८२ चाच.

आज हे गणित बरेच स्पष्ट आहे. स्त्रीबीज सुमारे एक दिवस टिकते, तर शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे एका मासिक चक्रात गर्भधारणा संभवते ते दिवस सहाच्या आसपास असतात. स्पर्श, चुंबन, एकाच पाण्याने स्नान यांतून गर्भ राहत नाही. शुक्रजंतू योनिमार्गात पोहोचावे लागतात. मात्र चक्र अनियमित असले की, दिवसांचा हिशेब सहज चुकतो. ओगिनो यांचाही केवळ या हिशेबावर विसंबून गर्भ टाळण्यास विरोध होता. कर्वे यांचा भर साधनांवर होता, तो या दृष्टीने योग्यच ठरतो. पाळी चुकल्यावर आज साध्या मूत्रपरीक्षेने निर्णय होतो. त्या काळच्या स्त्रीला मात्र कित्येक आठवडे धास्तीत काढावे लागत.

या धास्तीला उत्तर देणारे मासिक म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये निघाले. वाचक पत्रे पाठवीत आणि कर्वे त्यांना छापून उत्तरे देत. घरात वा वैद्यापुढे जे विचारण्याची सोय नव्हती, ते या पत्रांतून विचारले जाई. कर्वे यांची भाषा कोरडी, प्रसंगी बोचरी असे. पण प्रश्नकर्त्याला पापी ठरवण्याचा सूर तीत नसे. ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा मार्ग, या गांधीजींच्या मताचाही त्यांनी कठोर समाचार घेतला. आपल्याच पक्षात एकटे पडण्याची त्यांना जणू खोडच होती.

कायद्याने त्यांना सुखाने राहू दिले नाही. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ मध्ये झाला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. लोक प्रश्न विचारतात, तर त्यांना शास्त्रीय उत्तर देण्यात विकृती कोणती, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि दोनशे रुपये दंड ठोठावला. कर्वे यांनी मासिक चालूच ठेवले.

नोकरी नाही, मासिकाचे उत्पन्न तुटपुंजे, अशा अवस्थेत त्यांनी सव्वीस वर्षे हा व्याप सांभाळला. भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ते हयात होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. पंचाण्णव वर्षांच्या महर्षींना थोरल्या मुलाचा मृत्यू पाहावा लागला. पुढच्याच महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबरचा अंक निघाला, त्यानंतर मासिक बंद झाले.