भंडाऱ्याचे उमेदवार डॉ. आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार, हे आपण शाळेपासून पाठ करीत आलो. पण १९५४ साली ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले, आणि त्या काळात देशाच्या संरक्षणाविषयी फार कळकळीने बोलत होते, हे आपल्याला फारसे कोणी सांगत नाही.

सैन्य त्यांच्या घरातच होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार. पुढच्या एक-दोन वर्षांतच इंग्रजांनी 'लढवय्या जाती' ठरवून महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली, गरज सरल्यावर मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले. महारांना सैन्यात घ्या, हा त्यांचा आग्रह होताच. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सीमेवर कोणी उभे राहायचे हेही जात ठरवीत होती!

२७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारण हिंदू कोड बिल, असे आपण परीक्षेत लिहितो. पण त्यांच्या निवेदनात परराष्ट्र धोरणही होते. केंद्राच्या ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर जातात. आपल्याला मित्र नाहीत आणि काश्मीरचा प्रश्न भिजत पडला आहे, म्हणून हा खर्च, असा त्यांचा हिशेब होता. काश्मीरची फाळणी करावी हा त्यांचा उपाय मला पटत नाही. मात्र तोफेचा पैसा शेवटी गरिबाच्या ताटातून जातो, हे पटते.

१९५२ ला ते मुंबईत हरले आणि राज्यसभेत गेले. दोन वर्षांनी भंडाऱ्याची जागा आली. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. प्रकृती ढासळलेली, तरी ते भर उन्हाळ्यात उभे राहिले. त्याच सुमारास, २९ एप्रिल १९५४ रोजी, भारताने चीनशी तिबेटविषयी करार केला. पंचशील ते हेच. भंडाऱ्याच्या मतदाराला तिबेटचे काय? एकीकडे नेहरूंची बैलजोडी, दुसरीकडे फेडरेशनचा हत्ती. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे ८ हजार मतांनी निवडून आले.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेबांनी राज्यसभेत सांगितले की, ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपणच चीनची सरहद्द आपल्या दाराशी आणली आहे. सरकारपाशी प्रचंड बहुमत होते. एकट्या माणसाचे बोलणे कोण मनावर घेणार? १९५५ मध्ये त्यांनी भाषिक राज्यांवरील पुस्तकात दिल्ली शत्रूच्या माऱ्यात आहे म्हणून हैदराबादला दुसरी राजधानी सुचवली. तेही तसेच राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. मग स्वपक्षाचेच खासदार बिथरले, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाणांना बोलावणे आले.

त्याच दशकात भंडाऱ्याजवळ आयुध निर्माणी उभी राहिली. तिच्या वसाहतीचे नाव जवाहरनगर.