खंड्याची सनद

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी आमच्या फाटकाशी एक तांबूस कुत्री बसलेली दिसली. गळ्यात चामड्याचा पट्टा, कानांत गोचिडी, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान उंच करून पाहण्याची सवय. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात राहणाऱ्याला असे कुत्रे ओळखायला वेळ लागत नाही. शनिवार-रविवारच्या बंगल्यावर कोणीतरी हौसेने आणलेले असते. पुढे बंगला विकला जातो, रखवालदार बदलतो, मुले शिकायला परदेशी जातात, आणि कुत्रे मागे राहते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या वाडीच्या आसपास अशी बरीच कुत्री पाळली गेली. माणसे शहरात परतली, कुत्री इथेच राहिली.

कुत्रीला भात-दूध घातले. गोचिडी काढल्या. चौथ्या दिवशी पत्नीने विचारले, हिची अजून दहा-बारा वर्षे धरली, तर आपली किती धरायची? मी सदुसष्ट वर्षांचा आहे. आयुष्यभर बँकेत लोकांच्या मुदतठेवी मोजल्या, त्यामुळे प्रश्नातले गणित लगेच कळले. उत्तर काही सुचले नाही. त्या रात्री मात्र साताऱ्याची आठवण झाली.

नोकरीत तीन वर्षे साताऱ्याला होतो. रविवारी सायकल काढून संगम माहुलीला जायचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर बसायचे, हा तेव्हाचा परिपाठ. तिथल्या देवळांच्या आणि समाध्यांच्या गर्दीत एक समाधी कुत्र्याची आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. आमच्या रायगड जिल्ह्यात इतिहास आणि कुत्रा म्हटले की वाघ्याचे नाव निघते आणि त्याच्या खरेपणावरून वाद झडतात. खंड्याच्या वाट्याला ना तेवढी कीर्ती आली, ना तेवढा वाद. तो होता छत्रपती शाहू महाराजांचा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू ते हे नव्हेत. हे त्यांच्या सव्वाशे वर्षे आधीचे, संभाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे नातू, सातारचे शाहू.

त्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला, माणगावजवळच्या गांगवलीचा, १६८२ सालचा. नाव आजोबांचेच ठेवलेले, शिवाजी. मार्च १६८९ मध्ये वडिलांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि आई येसूबाईंबरोबर हा सात वर्षांचा मुलगा औरंगजेबाच्या छावणीत गेला. तो सुटला तेव्हा पंचवीस वर्षांचा झाला होता.

या कैदेला तुरुंगाचे गज नव्हते. बादशहाने त्याला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्याच्यावर मायेची पाखर घातली. लग्नेही छावणीतच लागली. खायला-ल्यायला कमी नव्हते, पण हलणाऱ्या छावणीबरोबर हलायचे आणि थांबेल तिथे थांबायचे. ताट कोणाच्या हातून येते आणि तो हात कधी आखडेल, याचे भान मुलाला फार लवकर येते. एकदा त्याच्या धर्मांतराचा घाट घातला गेला, तेव्हा प्रतापराव गुजरांच्या मुलांनी ते संकट स्वतःवर ओढवून घेतले आणि शाहूराजे वाचले. दुसऱ्याने आपल्यासाठी काय सोसले हे कधी न विसरण्याची त्यांची वृत्ती मला तिथपासूनची वाटते.

औरंगजेब १७०७ मध्ये मेला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडले. आईला मात्र ओलीस ठेवून घेतले. येसूबाई परत यायला १७१९ साल उजाडले. परतीच्या वाटेवर पारद गावाशी चकमक झाली. गावचा पाटील त्यात पडला आणि त्याच्या बायकोने आपले तान्हे मूल आणून शाहूंच्या पालखीत टाकले. ज्याला अजून गादी नव्हती, घर नव्हते, काकू ताराबाई ज्याला खरा वारस मानायला तयार नव्हत्या, अशा माणसाने ते मूल ठेवून घेतले. विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि मुलासारखे वाढवले. अक्कलकोटचे भोसले घराणे ते हेच. हा प्रसंग मी खंड्याच्या गोष्टीची पहिली ओळ मानतो. दाराशी आलेला जीव कोणाचा, कशासाठी आला, त्याचा उपयोग काय, याचा हिशेब शाहूंनी आधी केला नाही.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई जिंकून जानेवारी १७०८ मध्ये ते साताऱ्याला गादीवर बसले. राज्य मिळाले ते तुकड्यांचे. आमच्या डोक्यावरच्या राजमाचीकडे पाहिले की ते दिवस आठवतात. बोरघाटाची ही नाकेबंदी तेव्हा कान्होजी आंग्र्यांच्या हातात होती, लोहगडही त्यांनी घेतला होता आणि खुद्द पेशवा बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत पडला होता. शाहूंनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले आणि कान्होजींकडे पाठवले. लढाई झाली नाही. सरखेल हे पद आणि बरेचसे किल्ले कान्होजींकडे राहिले आणि ते शाहूंचे झाले. माणसाला मारण्यापेक्षा बांधून ठेवणे स्वस्त पडते, हे शाहूंना कळत होते. रागवावे, समजूत काढावी, वतन द्यावे आणि आपले करावे, ही त्यांची रीत. तलवार त्यांनी स्वतः क्वचितच उचलली. तरी त्यांच्या बेचाळीस वर्षांत मराठ्यांची घोडी दिल्लीपर्यंत गेली.

राजा स्वतः मात्र साताऱ्याला रमला. गडावरून खाली उतरून त्याने शाहूनगर वसवले, डोंगरातून पाणी आणले, झाडे लावली. त्याला शिकारीचा नाद होता आणि पशुपक्ष्यांचा त्याहून मोठा. वसई पडल्यावर १७३९ साली मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन गॉर्डन याला बोलणी करायला पाठवले. शाहू तेव्हा मिरजेच्या वेढ्यावर होते. इंग्रजांना चिंता होती मराठे मुंबईवर येतील का याची. महाराजांनी त्याच्याकडे मागितल्या गिनी कोंबड्या, टर्की, बसऱ्याची कबुतरे आणि जे काही नवलाचे पक्षी मिळतील ते.

मराठ्यांच्या दरबारी व्यवस्थेत अठरा कारखाने असत आणि त्यात शिकारखाना हा एक. तोफखान्यासारखे त्यालाही माणूसबळ आणि खर्च नेमून दिलेला असे. शिकारी कुत्र्याचा मान सुळ्यांपेक्षा त्याच्या तारतम्यावर ठरतो. आमच्याकडच्या ठाकर-कातकऱ्यांच्या पायांत घोटाळणारी काटक, उभ्या कानांची कुत्री पाहावीत. तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि सुकटीचे पाणी एवढ्यावर ती वाढतात. त्यांना शिकवणारा वेगळा कोणी नसतो. मोठ्या कुत्र्याबरोबर पिल्लू रानात जाते आणि कुठे धावायचे, कुठे गप्प राहायचे, कुठे भुंकून धन्याला सावध करायचे हे दोन पावसाळ्यांत शिकते. वाघासमोर कुत्र्याची ताकद ती किती! त्याच्याजवळ असतो तो वास, आवाज आणि पळून न जाण्याचा निर्णय.

असा निर्णय खंड्याने घेतला. वाघाच्या शिकारीत महाराजांच्या जिवावर बेतले असताना हे कुत्रे मध्ये पडले आणि राजा वाचला. इनाम म्हणून एखाद्याने सोन्याचा पट्टा घातला असता. शाहूंनी कुत्र्याच्या नावाने रीतसर सनद काढली, जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला. हा मान म्हणजे काय होते, हे आज सहज ध्यानात येत नाही. पालखीत बसायला राजाची परवानगी लागे, आणि परवानगीबरोबर भोयांच्या खर्चाची नेमणूक येई. मोठमोठे सरदार त्यासाठी जन्मभर झिजत. आता एका कुत्र्यासाठी पालखी, भोई आणि जमिनीचे उत्पन्न अशी वहीत कायमची नोंद झाली.

पुढचा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. दागिन्यांनी मढून, मोठ्या डामडौलाने एक सरदार भेटीला येणार होता. महाराजांनी भर दरबारात कुत्र्याला जरीचे वस्त्र पांघरले, त्यावर जवाहीर चढवले आणि स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. स्वतः बोडक्याने बसले. यापुढे त्यांनी पागोटे कधी घातले नाही, असे सांगतात.

हे सारे ग्रँट डफने नोंदवले आहे. १८१८ नंतर चार वर्षे तो साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. त्याने हा प्रकार म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाच्या खात्यात टाकला. राजाच्या लहरी, आणि भोवतालच्यांनी त्या सांभाळून घेतल्या, एवढाच त्याचा निष्कर्ष. शाहूंचे शेवटचे दिवस ढासळलेले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाड्याची घडी बसवणाऱ्या विरूबाई १७४० साली गेल्या. त्याच वर्षी बाजीराव गेला. धाकट्या राणी सगुणाबाई १७४८ मध्ये वारल्या. गादीला पुत्र नव्हता, तब्येत खचली होती आणि राज्य कोणाचे, याची कुजबुज बिछान्याभोवती चालली होती.

पण पागोटे एका बाजूला ठेवून नुसती सनद पाहिली, तर मला त्यात वेड दिसत नाही. ज्याचे ताट अठरा वर्षे दुसऱ्याच्या मर्जीवर होते, त्याने आपल्यावर विसंबलेल्या जिवाचे ताट मर्जीवर ठेवले नाही, कागदावर आणले. लाड मर्जीने करता येतात. धन्याचे मन फिरले, धनी आजारी पडला, धनी मेला, की लाड संपतात. सनद उरते. आपली भाषा कुत्र्याशी फार कठोर वागते. हाल कुत्रा खाणार नाही, भीक नको पण कुत्रा आवर, कुत्र्याचे जिणे, असे सगळे हाड्-हुड् करणारेच बोल. त्या भाषेच्या दरबारात एका राजाने कुत्र्याचे ऋण दप्तरी लिहवले, हे मला लहान वाटत नाही. त्या जहागिरीवर एका जनावरापेक्षा भुकेल्या कुणब्याचा हक्क मोठा होता, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तरी पालखीबरोबर भोयांच्या चुली पेटत होत्या, तेवढे जमेला धरावे.

राज्याची तरतूदही शाहूंनी अशीच कागदावर करून पाहिली. अखेरच्या दिवसांत स्वतःच्या हाताने दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि कारभार पेशव्यावर सोपवला. १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचा देह पडला. सकवारबाईंना सती जावे लागले. गादीवर आणलेल्या रामराजाला ताराबाईंनी वर्षभरातच कैदेत टाकले. त्या चिठ्ठ्यांनी राजाची गादी सावरली नाही, सत्ता पुण्याला गेली. थोरली राणी तर कोणत्याच कागदाने वाचली नाही. खंड्याची समाधी मात्र माहुलीला राहिली, आणि त्याच नदीकाठी त्याच्या धन्याचीही. कृष्णेचा पूर दोघांवरून सारखाच जातो.

आमच्याकडे आता सनदा निघत नाहीत. बँकेच्या नामनिर्देशनाच्या अर्जावर कुत्र्याचे नाव घालता येत नाही, हे मी कित्येक वर्षे लोकांचे अर्ज तपासल्यामुळे जाणतो. वारसदार माणूसच लागतो. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या घरातल्या मुलाला बोलावले. कुत्री एव्हाना त्याच्या मागे-मागे फिरू लागली होती. ताटली समोर ठेवली तरी सांगेपर्यंत थांबायचे, कोंबड्यांच्या मागे धावायचे नाही, आणि बिबट्याचे रान जवळ असल्यामुळे अंधार पडला की पडवीत यायचे, हे तिला त्यानेच शिकवले. त्याच्या आईवडिलांना समोर बसवून विचारले, आमच्यानंतर हिला ठेवाल का? ते हो म्हणाले. मग त्या मुलाच्या नावे एक ठेव केली आणि एका कागदावर लिहून दिले, की हिचे खाणे, दरवर्षीची रेबीजची लस आणि औषधपाणी यातून व्हावे. त्या कागदाला कायद्यात किती वजन आहे हे मला नेमके ठाऊक आहे. वजन त्या घराच्या शब्दाला आहे.

पत्नीने कागद वाचला, घडी घालून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला आणि कुत्रीला भाकरी घालायला उठली. तिला आता मोटारी ओळखू येत नाहीत. फाटकाशी गाडी थांबली तरी ती मान वळवत नाही.