बडोद्याची सीमा आणि घटस्फोटाचा कायदा

शेजारशेजारच्या दोन गावांत नांदणाऱ्या, एकाच उच्चवर्णीय जातीच्या दोन स्त्रिया. १९३१ नंतर त्यांतील एकीला नवऱ्याच्या छळातून न्यायालयामार्फत सुटका मागता येत होती, दुसरीला नव्हती. कारण पहिलीचे गाव गायकवाडांचे, दुसरीचे इंग्रजांचे. बडोदे संस्थानाचा मुलूख बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असा तुटक पसरलेला असल्याने कायद्याची ही सीमा पुष्कळदा एखाद्या ओढ्याइतकीच रुंद असे. ती आखणारे सयाजीराव महाराज जन्माने राजपुत्र नव्हते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळराव हा शेतकऱ्याचा मुलगा. मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५ मध्ये तो खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक गेला. इलियट यांच्या हाताखाली शिकून त्याने १८८१ अखेर राज्याधिकार हाती घेतला. पुढे सक्तीचे शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात आले, तेही मुलींसह. १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने आळा घालण्यात आला. लोकमताची वाट पाहत बसण्यापेक्षा कायद्याने लोकमत घडवावे, ही त्यांची रीत.

घरात मात्र ही रीत सहज चालली नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेला विवाह कन्या इंदिराराजे यांनी नाकारला आणि कूचबिहारच्या राजपुत्राची निवड केली, तेव्हा महाराज व चिमणाबाई या दोघांनीही दीर्घकाळ विरोध केला. अखेर १९१३ मध्ये लंडनला तो विवाह झाला. सुधारकाच्या आयुष्यातील ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. त्याच चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

१९३१ च्या हिंदू घटस्फोट कायद्याने क्रूरपणा, त्याग यांसारख्या कारणांवरून विवाहविच्छेदाची वाट खुली केली. काडीमोड किंवा सोडचिठ्ठी अनेक जातींत पूर्वापार होतीच. जातपंचायत बसे, पैशांची देवघेव होई आणि स्त्री दुसरे घर करी. कोंडी होती ती विवाहाला अविच्छेद्य संस्कार मानणाऱ्या वरच्या जातींतील स्त्रीची. तथाकथित खालच्या जातींना रूढीने दिलेला हक्क वरच्या जातींना राजाज्ञेने द्यावा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्थात, माहेरचा आधार नाही आणि हाताला कमाई नाही, अशा स्त्रीला न्यायालयाचा दरवाजा उघडा असूनही दूरच. सक्तीच्या शिक्षणाचे महत्त्व येथे दिसते. परंतु प्राथमिक शाळेने स्त्रीच्या हाती मिळकत येत नव्हती आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटाही नव्हता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९४७ मध्ये, मुंबई प्रांताने स्वतःचा हिंदू घटस्फोट कायदा केला. मद्रासने १९४९ मध्ये व सौराष्ट्राने १९५२ मध्ये तसेच केले. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुंबई, मद्रास व सौराष्ट्र यांचे हे निरनिराळे कायदे रद्द करून देशातील बहुतेक हिंदूंसाठी एकच कायदा आणला. मात्र विवाह व घटस्फोट हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्यांना त्यात दुरुस्ती करण्यास आजही वाव आहे, आणि रूढीने चालत आलेली काडीमोडही त्या कायद्याने कायम ठेवली आहे.